बेचाळीस किलोमीटर आणि दोन केंद्रं : प्रकल्प नोंदी

९ जून २०२४, रविवार

आज ठरवलं आणि आजच वही सुरू केली. १९ जानेवारीला मुंबई मॅरेथॉन, पूर्ण अंतर, ४२.१९५ किलोमीटर. आजवर मी सलग धावले ते जास्तीत जास्त १० किलोमीटर, तेही दोनदाच. वय ४३. हातात बरोबर ३२ आठवडे.

कारण आधी लिहून ठेवते. फेब्रुवारीत एका सकाळी इथं कोल्हापुरात फुलेवाडी ओलांडून बालिंग्याच्या बाजूला चालायला गेले होते. अजून नीट उजाडलं नव्हतं. रस्त्याकडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे हंगामापुरत्या झोपड्या, होत्या. मोठी माणसं केव्हाच फडात गेलेली. एका कोपीबाहेर सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन चूल फुंकत होती. शाळेत जातेस का विचारलं, तर म्हणाली, "गावाकडं जाते." गाव बीड जिल्ह्यातलं. दिवाळी झाली की आई-बापाबरोबर इकडं, हंगाम संपला की परत. म्हणजे अर्धं वर्ष शाळा नाही. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो आणि मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीनं घेतात, त्यामुळे बाईला मागं थांबता येत नाही. आई फडात गेली की लहानग्यांची आई थोरली मुलगी होते.

शहरातली एक छोटी संस्था या कोप्यांवर संध्याकाळी वर्ग घेते आणि दिवसा मुलांना जवळच्या जिल्हा परिषद शाळेत पोचवते. गेल्या हंगामात एक केंद्र होतं. यंदा दोन करायची आहेत, पैसे नाहीत. ते मी उभे करणार.

१६ जून, रविवार

संस्थेत जाऊन बसले. मी पतसंस्थेत हिशेबाचं काम करते, त्यामुळे आकडे कागदावर आल्याशिवाय मला पाऊल टाकवत नाही. एका हंगामाचा, म्हणजे पाच महिन्यांचा, दोन केंद्रांचा खर्च असा निघाला: दोन शिक्षिकांचं मानधन महिना ९,००० प्रमाणे ९०,०००. दोन रिक्षा, महिना ७,५०० प्रमाणे ७५,०००. वह्या, पाट्या, ताडपत्री, सौर दिवे ३०,०००. एकूण १,९५,०००. आजारपण आणि औषधाला काहीतरी हवंच.

म्हणून एका किलोमीटरला ५,००० रुपये धरले. बेचाळीसचे २,१०,०००. उरलेले १९५ मीटर त्याच भावानं ९७५ रुपयांचे होतात. ते मी स्वतः भरले आणि पहिली पावती माझ्या नावाची फाडून घेतली. दुसऱ्याकडं मागायला जाण्याआधी स्वतःचा हात खिशात गेलेला असावा, असं माझे वडील वर्गणीला निघताना म्हणायचे.

नियम ठरवले. एकही रुपया माझ्या खात्यात येणार नाही, सगळं थेट संस्थेच्या खात्यावर. दोन हजारांपेक्षा जास्त रक्कम रोख घ्यायची नाही, कारण त्यावर देणाऱ्याला आयकरातली कलम ८०जी ची सवलत मिळत नाही. आणि नवी करप्रणाली घेतलेल्याला ही सवलत मुळातच नाही, हे ज्याला-त्याला आधी सांगायचं. सवलतीचं आमिष दाखवून घेतलेला पैसा मला नको.

जमा: ९७५.

३० जून, रविवार

आज १२ किमी, रंकाळा तलावाला तीन फेऱ्या. १ तास ३३ मिनिटं.

पोलीस ग्राउंडवर धावणाऱ्यांच्या गटात नाव घातलं. त्यातली चौघं साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनची तयारी करतायत, यवतेश्वरचा घाट चढायचा म्हणून. गटातले अण्णा वयानं साठीपुढचे आहेत, त्यांनी माझं वेळापत्रक आखून दिलं. आठवड्यात चार दिवस धावणं, दोन दिवस व्यायाम, एक दिवस पूर्ण सुट्टी. रविवारी लांब अंतर. ते दर आठवड्याला एक-दीड किलोमीटरनंच वाढवायचं आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करायचं. वेग किती ठेवायचा विचारलं, तर म्हणाले, "शेजारच्याशी बोलता आलं पायजे. धाप लागून बोलणं तुटलं की समजायचं, लई जोरात चाललीयस."

१४ जुलै, रविवार

१३ किमी, पूर्ण भिजून. रंकाळ्याच्या कट्ट्यावर शेवाळ आलंय, म्हणून रस्त्यावरून. घरी आल्यावर बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवते, सकाळपर्यंत निम्मे सुकतात.

धावण्यापेक्षा मागणं अवघड आहे. आज ते स्वच्छ कळलं. संध्याकाळी सोसायटीत तीन घरी गेले. पहिल्या घरी चहा पिऊन, सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारून, विषय न काढताच उठले. दुसऱ्या घरी काढला, पण इतका आडून की त्या माउलीला वाटलं, मलाच कर्ज हवंय. तिसऱ्या घरी दारातच एका दमात सगळं सांगितलं. तिथल्या काकी आत गेल्या, हजार रुपये घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आमच्या माहेरच्या शेतात यायची की ही माणसं. पोरं उसातच झोपायची." यापुढं तिसऱ्या घरासारखंच सांगायचं.

एका शेजाऱ्यानं चुकून माझ्याच मोबाइल नंबरवर ५०० पाठवले. लगेच संस्थेकडं वळते केले आणि दोन्ही व्यवहारांची नोंद इथं करून ठेवते.

जमा: १८,४७५.

२८ जुलै, रविवार

पंचगंगा पात्राबाहेर. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, तीही ओलांडून पाणी वर गेलं. २०१९ आणि २०२१ पाहिलेल्या माणसाला या दिवसांत झोप लागत नाही. आई, म्हणजे सासूबाई, दर तासाला पाणी किती फुटांवर आलं ते विचारतात.

वर्गणी या महिन्यापुरती थांबवली. लोकांनी आधी पुरात सापडलेल्यांना द्यावं. विद्यापीठाचा परिसर उंचावर आहे, तिथं आतल्या आत १० किमी केले.

१८ ऑगस्ट, रविवार

१६ किमी. पहिल्यांदा एवढं. शेवटचे दोन किलोमीटर पाय जड, पण श्वास शांत होता.

काल मार्केट यार्डात एका गूळ अडत्याकडं गेले होते. वडिलांची जुनी ओळख. त्यांच्या घराण्याचा धंदा शाहूपुरीचा. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये ती पेठ वसवली, तिथल्या पहिल्या पिढ्यांपासूनचा. माझं सगळं ऐकून घेतलं, रजिस्टर मिटलं आणि म्हणाले, "वैनी, एक इचारू का? तुमी पळला काय आन् न पळला काय, पोरांस्नी पैसे तेवढंच लागणार. मग पळायचं कशाला? तसंच मागा की."

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी पैसेही दिले नाहीत. प्रश्न रागानं विचारलेला नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणून तो मनात राहिला. इथं लिहून ठेवते. उत्तर सापडलं की त्यांना जाऊन सांगायचं.

जमा: ४१,९७५.

१५ सप्टेंबर, रविवार

२१ किमी, २ तास ४४ मिनिटं. अर्धी मॅरेथॉन. पण अठराव्या किलोमीटरपासून उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू अशी दुखायला लागली की जिना उतरता येईना.

२२ सप्टेंबर

धावणं बंद. फिजिओथेरपिस्टकडं गेले. मांडीच्या बाहेरच्या बाजूनं एक जाड पट्टी गुडघ्याखालपर्यंत उतरते, ती घासतेय. कारण माझ्याच वहीत सापडलं. तीन महिने रंकाळ्याला मी एकाच दिशेनं फेऱ्या मारतेय, रस्त्याच्या एकाच कडेनं. रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे एक पाय सतत खालच्या पातळीवर पडत राहिला. शिवाय कमरेच्या बाजूचे स्नायू कच्चे. आता रोज वीस मिनिटं कुशीवर झोपून पाय उचलायचे, एका पायावर बैठक मारायची. आणि फेरीची दिशा दिवसाआड बदलायची.

६ ऑक्टोबर, रविवार

दोन आठवड्यांनी पहिल्यांदा ८ किमी, गुडघा गप्प. नवरात्र चालू आहे. साडेचारला घराबाहेर पडले तर रस्त्यावर अंबाबाईला अनवाणी निघालेल्या बायकाच बायका. एरवी अंधारात एकटी धावताना मी किल्ली मुठीत धरते. आज धरली नाही.

थकवा जात नव्हता म्हणून रक्त तपासलं. हिमोग्लोबिन १०.४. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि गोळीच्या मागं-पुढं तासभर चहा घ्यायचा नाही असं बजावलं, चहामुळे लोह अंगी लागत नाही. आमच्या वयाच्या किती बायका असा थकवा कामाचा म्हणून अंगावर काढतात! गटातल्या आणि ऑफिसातल्या सगळ्या जणींना तपासून घ्यायला सांगितलं. पाच जणी जाऊन आल्या, तिघींचं कमी निघालं.

२७ ऑक्टोबर, रविवार

आज २४ करायचे होते. १९ वर थांबले. पोटात काही नव्हतं, ऊन चढलं, डोकं हलकं झालं. ह्यांना फोन करून गाडीवरून घरी आले.

दर रविवारी मी देणगीदारांना व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवते, एक धावण्याची आणि एक मुलांच्या कामाची. आज काय लिहायचं? खरं तेच लिहिलं: २४ ठरले होते, १९ झाले. दुसरी ओळ: दाखला हातात नाही म्हणून कुठल्याही मुलाचा शाळाप्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यातच तसं आहे. त्यामुळे संस्थेची माणसं हंगाम सुरू होताच मुख्याध्यापकांना भेटणार आहेत.

संध्याकाळपर्यंत एकतीस जणांची उत्तरं. कुणी खाऊन पळ म्हणालं. कुणी विचारलं, मुलं वयाप्रमाणं कोणत्या वर्गात बसवणार? एका निवृत्त शिक्षिकेनं कळवलं, आठवड्यातून दोन दिवस मी वर्ग घेईन, मला पैसे नकोत.

तेव्हा यार्डातल्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. नुसतं मागितलं असतं तर एकदाच मागता आलं असतं. लोकांनी दिलं असतं किंवा नसतं दिलं, विषय तिथं संपला असता. धावतेय म्हणून दर रविवारी त्यांच्याशी बोलायला माझ्याकडं काहीतरी असतं. "किती झालं?" असं ते विचारतात, आणि किलोमीटरच्या मागोमाग कोप्यांवरची मुलंही त्यांच्या घरात जातात. बत्तीस आठवडे धावायचं म्हणजे बत्तीस वेळा सांगायचं.

जमा: ९८,९७५. शिक्षिका पक्क्या करायला ऐंशी हजार हातात हवे होते, ते झाले.

१७ नोव्हेंबर, रविवार

२४ किमी पूर्ण. ३ तास ९ मिनिटं.

यावेळी बरोबर गूळ होता. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत असं सगळे सांगतात. बाजारातली एनर्जी जेल मला पचत नाहीत. दहा-दहा ग्रॅमचे गुळाचे खडे बटर पेपरात गुंडाळले, तासाला चार, आणि बाटलीत लिंबू-मीठ-पाणी. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, ते धोक्याचं. कोल्हापूरच्या माणसाला गूळ शोधायला लांब जावं लागत नाही, आणि हा गूळ ज्या उसाचा, त्याच उसाच्या तोडणीची माणसं आता रस्त्याच्या दोन्ही कडेला उतरलीयत.

गळीत हंगाम सुरू झाला. डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर पहाटेपासून रस्त्यावर आहेत. मागं दिवा नसतो, ट्रॉलीतला ऊस बाहेर आलेला असतो. आता रिफ्लेक्टरची पट्टी लावल्याशिवाय त्या रस्त्याला जायचं नाही, आणि समोरून येणारं वाहन दिसेल अशा उजव्या कडेनंच पळायचं.

यार्डात जाऊन उत्तर सांगून आले. शेठनी ऐकलं. "हं," एवढंच म्हणाले.

२४ नोव्हेंबर, रविवार

धावणं फक्त १६, ठरल्याप्रमाणे कमी.

दुपारी केंद्रावर गेले. ताडपत्रीखाली बावीस मुलं. शिक्षिकेनं पहिल्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही. मुलांना जे येतं तिथून सुरुवात केली. एका गाडीत किती मोळ्या? एका मोळीत किती ऊस? अकरा वर्षांचा एक मुलगा तोंडी गुणाकार बिनचूक करतो, पण तोच पाटीवर मांडायला सांगितला की खडू खाली ठेवतो. फेब्रुवारीतली ती मुलगी या कोप्यांवर नाही. मी प्रत्येक चेहरा पाहत होते. ही टोळी दुसऱ्या तालुक्यातली आहे, असं मुकादम म्हणाला.

निघताना रिक्षा आली. यार्डातून पाठवलेले दहा-दहा किलोचे गुळाचे दोन रवे, चिठ्ठी नाही. शेठना फोन केला, तर म्हणाले, "पोरांस्नी शेंगदान्यासंगं द्या." वस्तुरूपानं आलेलं पैशाच्या जमेत धरायचं नाही, म्हणून त्याची वेगळी पावती केली.

जमा: १,३१,४७५.

१५ डिसेंबर, रविवार

२८ किमी. थंडी छान. समोरच्या वहिनी महिनाभर गॅलरीतून बघत होत्या. आज खाली आल्या आणि म्हणाल्या, "मी पन येतो की उद्यापास्नं. चालतच येतो, चालंल न्हवं?" चालेलच.

२९ डिसेंबर, रविवार

३२ किमी, ४ तास १९ मिनिटं. शर्यतीआधीचं सगळ्यांत लांब अंतर. याच्या पुढं सरावात जायचं नाही, शरीर भरून निघायला वेळ उरत नाही.

अण्णा रंकाळ्यापासून दोनवड्यापर्यंत सायकलवरून बरोबर होते. तिसाव्या किलोमीटरनंतर काय होतं ते आज अंगानं समजलं. स्नायूंत साठवलेली साखर संपत आली की पाय आपले राहत नाहीत. डोकं म्हणतं चल, आणि खाली काहीच घडत नाही. मी रडले. अण्णा काही बोलले नाहीत, सायकलवरून उतरून बाजूनं चालू लागले. पाच मिनिटं चालून, दोन खडे तोंडात टाकून पुन्हा धावायला लागले.

परतताना फडात तोडणी चालू होती. एक बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढली, टाकली, उतरली, पुन्हा चढली. मी उभी राहून दहा खेपा मोजल्या. मग मोजणं सोडलं.

जमा: १,८१,४७५.

१२ जानेवारी २०२५, रविवार

१२ किमी, हलके. या दोन आठवड्यांत अंतर निम्म्यावर आणि मग आणखी खाली. पाय शिवशिवतात, पण आवरायचं. बुटांचे ६०० किलोमीटर झालेत. नवे शर्यतीच्या दिवशी घालायचे नाहीत, हेच न्यायचे.

जमा: १,९८,९७५. बारा हजार बाकी. संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर शेवटचा निरोप सगळ्यांना पाठवणार.

१९ जानेवारी, रविवार, मुंबई

गुरुवारी रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं आलो, मी, हे आणि धाकटी. शुक्रवार-शनिवार भात, बटाटा, दही. तिखट बंद.

पहाटे पाचला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुटलो. एवढी माणसं आणि एवढी शांतता, पहिल्या किलोमीटरला फक्त बुटांचा आवाज. अण्णांचं एकच वाक्य डोक्यात: बोलता आलं पायजे. शेजारी नाशिकच्या एक ताई होत्या, पहिले आठ किलोमीटर आम्ही बोलत गेलो. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर फटफटत होतं. दोन्ही बाजूंना पाणी आणि पायाखाली वाहनांसाठीचा रस्ता पूर्ण मोकळा. निम्मं अंतर २ तास ४१ मिनिटांत, सरावापेक्षा थोडं लवकर.

मग हवा बदलली. कोल्हापुरात जानेवारीत घाम वाळतो, इथं तो अंगावरच बसून राहतो. तिसाव्यापर्यंत गुळाचे खडे कागदाला चिकटले होते, कागदासकट चोखले. रस्त्याकडेला लोक घरून संत्र्याच्या फोडी, मीठ, केळी घेऊन उभे होते. एका आजोबांनी पाण्याचा फवारा पायांवर मारला आणि म्हणाले, "जा बाळा."

पेडर रोडचा चढ चालत चढले. दहा खेपांतल्या त्या बाईची फळी आठवत होती. ती उतरली की पुन्हा चढायची, मला हा चढ एकदाच होता. उतारावर पुन्हा धावायला लागले, आणि शेवटपर्यंत थांबले नाही.

५ तास ४७ मिनिटं.

शेवटचे १९५ मीटर माझे होते, पावती क्रमांक एक. ते मी मान वर करून धावले. पलीकडं धाकटी होती. तिनं आधी गुडघा कसा आहे ते विचारलं.

२६ जानेवारी, रविवार

शर्यतीनंतरच्या सात दिवसांत आलेले धरून एकूण जमा २,२४,४७५. लक्ष्य २,१०,९७५ होतं. १३,५०० जास्त. एकशे अठ्ठेचाळीस देणगीदार. प्रत्येकाला पावती गेली आणि केंद्रनिहाय खर्चाचा कागदही.

२ फेब्रुवारी, रविवार

धावले नाही. केंद्रावर गेले.

मुलांना मेडल दाखवलं. किती लांब पळलीस विचारलं, म्हणून कोपीपासून शाळा आणि परत, असं दहा वेळा, असं सांगितलं. त्यांनी आपसांत हिशेब केला. तोंडी गुणाकार करणारा तो मुलगा उठला आणि पाटीवर मांडून दाखवला. उभी मांडणी, हातचा बरोबर.

नदीच्या बाजूला नवी टोळी उतरलीय. नऊ मुलं शाळेच्या वयाची, शाळा २.१ किलोमीटर. आहे ती रिक्षा तिकडं वळवली तर दोन्हीकडच्या मुलांना उशीर होतो. तिसरी रिक्षा एप्रिलच्या मध्यापर्यंत ठेवायची तर अडीच महिन्यांचे १८,७५०. हातात जास्तीचे १३,५०० आहेत. औषधाच्या रकमेला हात लावायचा नाही, खोकल्याची साथ चालू आहे.

५,२५० कमी पडतात. रिक्षावाल्या मामांना उद्यापासून यायला सांगितलं. सकाळी ऑफिसच्या आधी यार्डात शेठकडं जाते.